तिसरा रकाना

गेल्या चार महिन्यांत आमच्या घरात सर्वांत काळजीपूर्वक सिद्ध झालेली संहिता म्हणजे माझ्या नवऱ्याने केलेला एक तक्ता. त्यात दोन रकाने आहेत आणि बेचाळीस ओळी. डावा रकाना मारुती सुझुकीच्या ग्रँड विटाराचा, उजवा टोयोटाच्या अर्बन क्रूझर हायरायडरचा. दोन्ही गाड्या हायब्रिड, दोन्ही कुटुंबासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, दोन्ही उंच. आम्ही हिंजवडीत मारुंजीच्या अंगाला राहतो. नवरा आयटी पार्कच्या तिसऱ्या टप्प्यात नोकरी करतो, मी शहरातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते, आणि सासूबाईंचे गुडघे आता आमच्या जुन्या बुटक्या गाडीत वाकायला तयार नाहीत. गाडी घेण्याची गरज खरी आहे, कर्जही खरेच काढावे लागणार आहे. म्हणून तक्ता.

तो तक्ता माझ्यापुढे ठेवून नवरा म्हणाला, "तू तौलनिक साहित्य शिकवतेस ना? मग कर बघू तुलना." थट्टाच होती ती. पण प्रश्न मात्र थट्टेवारी नेण्याजोगा नाही, असे मला तक्ता वाचल्यावर वाटू लागले. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकते. या बेचाळीस ओळींत तुलना नाही, तुलनेचा आभास आहे. आणि ज्या गोष्टींची तुलना आपण खरोखर करायला हवी, त्यांच्यावरून नजर उठवण्याचे काम हा आभास फार चोख बजावतो. यामागे कोणाचा कट आहे असे मी म्हणत नाही. हे काम आपणच, सुशिक्षित, चिकित्सक म्हणवणारे लोक, रात्री जेवणे आटोपल्यावर मोठ्या हौसेने करत असतो.

१

तुलनेसाठी दोन गोष्टी लागतात, ही तिची पहिली अट. इथे ती कितपत पुरी होते ते पाहू. २०२२ साली या दोन गाड्या काही आठवड्यांच्या अंतराने लोकांपुढे आल्या. टोयोटा आणि सुझुकी यांच्या करारातून जन्मलेल्या या गाड्यांचा सांगाडा एक आहे. स्ट्राँग हायब्रिड प्रकारातले दीड लिटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन एक, विजेची मोटर एक, बॅटरी एक, गिअरची यंत्रणा एक. दोघींचा जाहीर केलेला अ‍ॅव्हरेजही एकच, लिटरला २७.९७ किलोमीटर. आणि दोघीही बाहेर पडू लागल्या त्या एकाच कारखान्यातून, बंगळूरूजवळच्या बिडदी येथील टोयोटा किर्लोस्करच्या. फरक आहेत ते पुढची जाळी, दिव्यांची ठेवण, बंपरची घडण, आतल्या कातडीसदृश आवरणाचा रंग, कोणत्या दर्जाच्या गाडीत कोणती सोय द्यायची याची वाटणी, आणि अर्थातच बोधचिन्ह.

ज्यांनी एम.ए.ला पाठचिकित्सा हा विषय अभ्यासला आहे, त्यांना या प्रकाराचे शास्त्रीय नाव ठाऊक आहे. हे पाठभेद आहेत. याच शहरात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले, बाराशेंहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. त्या पंडितांनी काश्मिरी पोथी आणि मलबारी पोथी ही दोन स्वतंत्र महाकाव्ये मानून त्यांत सरस कोणते, असा वाद घातला नाही. दोन्हींमागची मूळ संहिता कोणती, हा त्यांचा प्रश्न होता. आम्ही मात्र चार महिने दोन पोथ्यांच्या वेष्टनांची प्रतवारी लावत बसलो आहोत. बेचाळीसपैकी एकोणतीस ओळींत डावीकडे आणि उजवीकडे अक्षरशः तेच आकडे आहेत, ही गोष्ट नवऱ्यालाही दिसली होती. पण त्यामुळे त्याचा उत्साह मावळला नाही. उरलेल्या तेरा ओळींना जास्त महत्त्व आले, इतकेच.

हा प्रकार नवा नाही. २०१९ साली मारुतीची बलेनो टोयोटाची ग्लांझा झाली, २०२३ साली टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस मारुतीची इन्व्हिक्टो झाली. कंपन्यांच्या दृष्टीने यात गैर काही नाही. नवी गाडी घडवण्याचा खर्च वाटून घेणे हा शहाणपणाचा व्यवहार आहे आणि त्यांनी तो लपवलेलाही नाही. आश्चर्य आपले आहे. एकच वस्तू दोन नावांनी समोर आली की आपल्याला वाटते, निवडीचे स्वातंत्र्य दुणावले.

२

आता दोन्ही रकान्यांच्या माथ्यावर असलेल्या शब्दाकडे वळू. 'हायब्रिड' हा शब्द मराठीला या गाड्यांमुळे मिळालेला नाही. १९६४ साली सीएसएच-१ हे देशातले पहिले व्यापारी संकरित ज्वारीचे वाण आले, आणि पुढच्या काही वर्षांत 'हायब्रिड' हे मराठी खेड्यांत ज्वारीचेच नाव झाले. लोक हायब्रिड पेरत, हायब्रिड काढत, हायब्रिडची भाकरी खात. उत्पन्न भरघोस, पण दाणा भरताना पाऊस लागला की काळा पडणारा, आणि गावरान ज्वारीची चव नाही ती नाहीच, अशी तक्रार. त्यातूनच जुन्या माणसांच्या तोंडी या शब्दाला तुच्छतेचा अर्थ चिकटला: तकलादू, बिनकसाचे, नुसते वाढलेले ते हायब्रिड. त्याआधीचा आपला 'संकर' हा शब्दही काही सन्मानाचा नव्हता. त्याच्या मागे 'वर्ण' लागला की काय होते, हे या देशाला निराळे सांगायला नको. एवढा कलंकित शब्द दोनेक पिढ्यांत प्रतिष्ठेचा होऊन वीस लाखांच्या वस्तूच्या पाठीवर चकचकीत अक्षरांत मिरवतो, हा अर्थपरिवर्तनाचा नमुना भाषाशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखा आहे.

पण प्रतिष्ठा आली तसा अर्थ पातळ झाला. याच दोन गाड्या 'माइल्ड हायब्रिड' आणि 'स्ट्राँग हायब्रिड' अशा दोन जातींत मिळतात, आणि त्या दोन जातींतला फरक दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. माइल्डमध्ये इंजिन सुरू करणारे आणि वीज बनवणारे यंत्र थोडे थोराड असते. ते इंजिनाला मधूनमधून हातभार लावते, सिग्नलला इंजिन बंद करून पुन्हा झटकन सुरू करते. केवळ विजेच्या बळावर ती गाडी चाक हलवू शकत नाही. स्ट्राँगमध्ये मोटर एकटीने गाडी ओढते, विशेषतः संथ वेगात. पाय ब्रेकवर गेला की चाकांची गती वाया न जाता विजेच्या रूपाने बॅटरीत परतते. या दोहोंना एकाच विशेषणाखाली आणणे म्हणजे ताकाला आणि दुधाला 'गोरस' या एका नावाने सारख्याच भावात विकणे. सरकारलाही हा घोळ भोवलेला आहे. २०१५ साली सुरू झालेल्या 'फेम' योजनेत माइल्ड हायब्रिडलाही अनुदान मिळत होते. २०१७ साली ते काढून घेण्यात आले.

स्ट्राँगच्या बाबतीतही शब्द जरा जपूनच वाचावा. शोरूममध्ये आम्हाला सांगितले गेले की ही गाडी 'स्वतःच स्वतःला चार्ज करते'. वाक्य खोटे नाही, पण त्यात एक सोयीस्कर मौन आहे. या गाडीला प्लग नाही. तिच्यात येणारी सगळी ऊर्जा अखेर पेट्रोल पंपावरूनच येते. वीज ही त्या पेट्रोलची काटकसर आहे, पर्याय नव्हे. बॅटरीची क्षमता पाऊण युनिटाच्या आसपास, म्हणजे हजार वॉटचा गिझर पाऊण तास चालेल एवढी. इंजिन ९२ अश्वशक्तीचे, मोटर ८० ची, पण दोघांची मिळून १७२ होत नाही, सुमारे ११६ होते. कारण दोघांचा जोर एकाच क्षणी शिगेला पोचत नाही आणि एवढीशी बॅटरी मोटरला पुरवून पुरवून किती पुरवणार. शिवाय ती बॅटरी डिकीखाली बसते, त्यामुळे माइल्डच्या मानाने डिकी बरीच आटते. सासूबाईंची घडीची खुर्ची आणि दोन बॅगा एकत्र मावतील का, हा प्रश्न बेचाळीस ओळींत नव्हता. 'बूट स्पेस' ही ओळ होती आणि तिच्यापुढे लिटर होते.

३

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, बाई, तुम्ही यंत्राच्या विरोधात आहात. मुळीच नाही. स्ट्राँग हायब्रिड हे अत्यंत बुद्धिमान यंत्र आहे, आणि हिंजवडीसाठी तर जणू मापून शिवलेले. चैत्रात म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडला निघते, त्या टापूत रोज संध्याकाळी हजारो गाड्या बगाडाच्याच गतीने सरकत असतात. थांबणे, हातभर पुढे जाणे, पुन्हा थांबणे. साध्या पेट्रोलच्या गाडीची यात नासाडी होते. हायब्रिड मात्र अशा वेळी इंजिन झोपवून मोटरवर निमूट रांगते, आणि प्रत्येक थांब्याला थोडी वीज कमावते. उलट द्रुतगती मार्गावर एकाच वेगाने धावताना तिला ब्रेक लावण्याचे निमित्त मिळत नाही आणि तिचा वरचष्मा बराच कमी होतो.

एका संध्याकाळी मी हिशेब मांडला. आकडे अंदाजाचे आहेत, पण अंदाज प्रामाणिक आहेत. वर्षाला बारा हजार किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये लिटर, आणि ऑटोमॅटिक माइल्डपेक्षा स्ट्राँगला अडीच लाख जास्त, असे धरले. मोकळ्या रस्त्यावर, कंपनीच्या आकड्यांप्रमाणे माइल्डचा अ‍ॅव्हरेज २१ आणि स्ट्राँगचा २८ धरला, तर वर्षाला सुमारे १४० लिटर म्हणजे पंधरा हजार रुपये वाचतात. अडीच लाख फिटायला सोळा-सतरा वर्षे. आता तोच हिशेब कोंडीतला. माइल्ड ११ देईल आणि स्ट्राँग २० देईल असे धरले, तर वर्षाला ४९० लिटर, म्हणजे पन्नास हजारांवर बचत. अडीच लाख पाच वर्षांत फिटतात.

या दोन हिशेबांतले अंतर म्हणजे आपला रस्ता. भूमकर चौकातला आणि शिवाजी चौकातला खोळंबा जितका भयंकर, तितकी आपली खरेदी शहाणपणाची. उद्या हा रस्ता मोकळा झाला तर आपले अडीच लाख पाच वर्षांऐवजी सोळा वर्षांनी फिटणार. वाहतुकीची कोंडी हा जिचा परताव्याचा आधार आहे अशी गुंतवणूक आपण कर्ज काढून करत आहोत, आणि तिला पर्यावरणस्नेही म्हणून पाठ थोपटून घेत आहोत. 'वाहतूक' ही ओळ तक्त्यात कुठेच नव्हती. ती निसर्गदत्त मानलेली होती, पावसासारखी.

आणि पाऊस तरी निसर्गदत्त कुठे राहिला आहे? जून २०२५ मध्ये एका जोरदार सरीने आयटी पार्कचे रस्ते तळी झाले, लोकांनी 'वॉटर पार्क' म्हणून चित्रफिती फिरवल्या आणि हसले. पाणी तुंबले ते ओढे बुजले म्हणून आणि नाले अपुरे होते म्हणून. जमिनीचा कारभार एमआयडीसीचा, गाव ग्रामपंचायतीचे, भोवतालच्या नियोजनाचे दायित्व २०१५ साली स्थापन झालेल्या पीएमआरडीएचे. या तिघांत सरस कोण, याचा तक्ता आमच्या इमारतीत आजवर कोणी केलेला नाही. हिंजवडी ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली; पुढची कैक वर्षे आम्ही तिचे खांब उगवताना पाहिले आणि त्या खांबांमुळे अरुंद झालेल्या रस्त्यावर बसून मोबाइलवर गाड्यांचे परीक्षण ऐकले. मेट्रोच्या विलंबाविषयी आमच्या सोसायटीत एकदा चर्चा निघाली होती. ती दहा मिनिटांत संपली. सनरूफ असावे की नसावे, यावर मात्र पाऊण तास गेला.

४

आक्षेप मला ऐकू येतात. पहिला असा की रस्ता माझ्या हातात नाही, गाडी आहे. म्हणून माणूस हातातल्या गोष्टीचा विचार करतो. हा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, नवऱ्याचाही हाच होता. "मी ओढे मोकळे करायला जाऊ का?" असे त्याने विचारले. पण हातात नसलेल्या गोष्टीही आपल्या खिशातून जात असतात. या आकाराच्या हायब्रिड गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी अधिभार धरून ४३ टक्के वस्तू व सेवा कर होता, त्या तारखेपासून तो ४० टक्के झाला. संपूर्ण विजेवर चालणाऱ्या गाडीवर तो ५ टक्के. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. आपल्याकडे तो भरावा लागतो. पेट्रोल जाळणाऱ्या पण कमी जाळणाऱ्या यंत्राकडे राज्याने कसे पाहावे, हा खरा वादाचा विषय आहे, दोन्ही बाजूंना वजनदार मुद्दे आहेत, आणि त्या वादाच्या निकालाने गाडीची किंमत लाखांनी हलते. जाळीच्या नक्षीने ती हलत नाही. तरी नक्षीला तक्त्यात ओळ मिळाली, कराला मिळाली नाही.

दुसरा आक्षेप असा की साहित्याच्या माणसांना वस्तूंचा तिटकारा असतो, आणि दुसऱ्याने हौसेने काही घेतले की त्यांना तत्त्वज्ञान सुचते. याला उत्तर म्हणून मी बिडदीच्या कारखान्याच्या नावातल्या दुसऱ्या शब्दाकडे बोट दाखवीन. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशा समजुतीने शेतकरी त्याला हात लावीनात. लाकडी नांगर की लोखंडी, ही खरी तुलना होती. तिच्या निकालावर शेताची खोली, बैलांचे श्रम आणि घरातले धान्य अवलंबून होते. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, १९२० साली तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. कारखान्याची आणि त्याच्या मालाची खबर देणारे ते पत्र शंकरराव किर्लोस्करांच्या हाती महाराष्ट्राचे मासिक झाले. पुढे १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' त्याच्या जोडीला आली. नांगर विकणाऱ्यांनी वाचकाला ग्राहकापुरते ठेवले नाही. रूढी, विवाह, शिक्षण, बुद्धिप्रामाण्य यांवर वाद घालायला त्याला बसवले. वस्तूंविषयी बोलता बोलता समाजाविषयी बोलण्याची ही रीत मराठीत होती, आणि ती कारखान्याच्या आवारातच जन्मली होती. आज त्याच नावाच्या कारखान्यातल्या गाडीविषयी आपण अहोरात्र बोलतो, आणि समाजाचा विषय निघाला की 'राजकारण नको' म्हणतो.

तिसरा आक्षेप आपल्याच गोटातला. गाड्यांचे सोडा, वाङ्मयाविषयी बोला. तर मी वाङ्मयाविषयीच बोलते आहे. विक्रेत्याने पुरवलेल्या निकषांवर तुलना करायची, ही सवय आपण गाड्यांच्या दुकानात शिकलो, की पुस्तकांच्या पानांवर शिकून तिकडे नेली, हे सांगणे अवघड आहे. मलपृष्ठावरच्या पाठराखणीतले शब्द परीक्षणात जसेच्या तसे उतरतात. एकाच साच्यातून निघालेल्या दोन कादंबऱ्या, एक 'ग्रामीण वास्तवाची' आणि दुसरी 'महानगरीय तुटलेपणाची' म्हणून समोरासमोर उभ्या केल्या जातात, आणि दोहोंचा सांगाडा एकच आहे हे म्हणणारा समीक्षक रसहीन ठरतो. निकष कोणाचा, हा समीक्षेचा पहिला प्रश्न. तो विचारायचे सोडले की उरते ती प्रतवारी. चिकित्सक बुद्धी आपण गमावलेली नाही. बेचाळीस ओळींचा तक्ता करणाऱ्या माणसाला बुद्धी नाही असे कोण म्हणेल? त्या बुद्धीला कामच दोन रकान्यांच्या आतले दिले गेले आहे आणि तिने ते विनातक्रार पत्करले आहे, हे माझे दुःख आहे.

५

गेल्या रविवारी आम्ही टेस्ट ड्राइव्ह घेतली, दोन्ही गाड्यांची. सासूबाईंना मुद्दाम बरोबर नेले. विक्रेता नवऱ्याशी पडद्याच्या इंचांविषयी बोलत असताना त्या मागच्या दाराशी उभ्या होत्या. पाय उचलून चढता आले, पण उतरताना दाराला धरायला काही सापडेना. दुसऱ्या शोरूममध्येही तेच. "दोन्हीकडे तीच गाडी दाखवली की रे," असे त्या परतताना म्हणाल्या. पाठचिकित्सेचा तास त्यांनी एका वाक्यात आटोपला होता.

त्या रात्री मी तक्त्याला तिसरा रकाना जोडला. त्याचे शीर्षक, 'गाडी न घेतली तर'. ओळी माझ्या होत्या. सासूबाईंना महिन्यातून किती वेळा बाहेर न्यावे लागते? चार-पाच वेळा. तेवढ्यासाठी भाड्याची उंच गाडी मागवली तर वर्षाचा खर्च किती? नवऱ्याचे ऑफिस घरापासून किती दूर? सात किलोमीटर. ते सायकलने का जाता येत नाही? पदपथ नाही, आणि जिथे आहे तिथे गाड्या उभ्या आहेत. कंपनीची बस का बंद झाली, आणि ती पुन्हा सुरू करा असे लेखी कोणी मागितले आहे का? नाही. माझ्या महाविद्यालयाकडे जाणारी पीएमपीची बस किती वाजता येते? वेळापत्रकात एक वेळ, थांब्यावर दुसरी. कर्जाच्या हप्त्याच्या निम्मी रक्कम दरमहा बाजूला ठेवली तर पाच वर्षांनी किती होते?

नवरा आधी हसला, मग गप्प झाला, मग त्याने दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहिल्या. कंपनीच्या बसची मागणी करणारे पत्र त्याने आणि त्याच्या मजल्यावरच्या अकरा जणांनी सही करून दिले आहे. अजून उत्तर आलेले नाही.

गाडी आम्ही कदाचित घेऊच. सासूबाईंचे गुडघे युक्तिवादाने वाकत नाहीत आणि आमच्या जुन्या गाडीचे वयही झाले आहे. घेतली तर कोणती, या प्रश्नाला आता पाच मिनिटे लागतील. ज्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर जवळ, तिची. पण ती चार महिन्यांनी घेतली काय नि आठ महिन्यांनी घेतली काय, तिसरा रकाना पुरा भरून झाल्यावरच घ्यायची, असे आमच्यात ठरले आहे. सध्या त्यात सात ओळी भरल्या आहेत. ओढ्यांची ओळ कोरी आहे. ती भरण्यासाठी सोसायटीची सभा लागेल. माहितीच्या अधिकाराचा अर्ज मी लिहून ठेवला आहे.